रहिवासी म्हणजे कोण ?

पुण्याच्या ज्या भागांत मी राहतों तेथें गेल्या वर्षीं एक सभा भरली होती. १९६१ च्या जुलैंत पानशेतचें धरण फुटलें, मुठेकांठच्या पेठांची दाणादाण झाली, आणि त्यानंतर शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर ज्या वसाहती उठल्या त्यांपैकींच ही एक. बैठीं घरें, पुढें हातभर बाग, दारांत एखादें आंब्याचें वा बकुळीचें झाड, आणि दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकीला मागें सरावें लागेल इतक्या रुंदीचे रस्ते, असें तिचें कालपरवांपर्यंत रूप होतें. आतां हीं घरें पाडून अकरा-अकरा मजल्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत. चार कुटुंबांसाठीं घातलेल्या नळावर चाळीस कुटुंबें आलीं आहेत. संध्याकाळीं रस्त्यानें पायीं फिरणें म्हाताऱ्या माणसांनीं सोडून दिलें आहे. या वाढीस कांहीं वळण लागावें, महानगरपालिकेपुढें वस्तीचें म्हणणें एकमुखानें मांडतां यावें, या हेतूनें एक रहिवासी संघ स्थापावा असें ठरलें व साठसत्तर मंडळी एका घराच्या अंगणांत जमली. संस्था नोंदण्यास १८६० च्या कायद्याप्रमाणें सात माणसें पुरतात. तेव्हां संख्येची वाण नव्हती. नांव, उद्देश, वर्गणी हीं कलमें अर्ध्या तासांत मंजूर झालीं. सभासद कोणास होतां येईल, या चौथ्या कलमाशीं मात्र सभा जी अडली ती रात्रीं दहा वाजेपर्यंत पुढें सरकली नाहीं.

कलम असें होतें : 'या भागांत स्वतःच्या मालकीचें घर, सदनिका किंवा भूखंड असलेल्या कोणत्याहि प्रौढ व्यक्तीस संघाचें सभासद होतां येईल.' तें वाचून होतांच मागच्या रांगेंतील एक गृहस्थ उठले. बावीस वर्षें ते याच रस्त्यावर भाड्यानें राहत आहेत. रस्त्याकडेचीं निम्मीं झाडें त्यांनीं लावलेलीं व जगविलेलीं आहेत. ते शांतपणें म्हणाले, "मग मी येथें इतकीं वर्षें काय करतों आहें ?" मसुदा माझ्या हातचा होता, आणि लाजेची गोष्ट अशी कीं हें कलम मीं दुसऱ्या एका संस्थेच्या नियमांवरून फारसा विचार न करतां उतरून घेतलें होतें. सर्वांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला कांहींच बोलतां आलें नाहीं. पुढें या प्रश्नाचा जो विचार केला तो वाचकांपुढें ठेवीत आहें.

मालकीवर उभारलेला दावा प्रथमदर्शनीं भक्कम दिसतो. ज्यानें पैसा घातला, जो कर भरतो, ज्याचें नुकसान व्हावयाचें आहे, त्याचा शब्द वजनदार असावा, असें म्हणण्यांत गैर तें काय ? पण संघ हवा आहे तो कशासाठीं, हें पाहूं लागलें म्हणजे या दाव्याचा पाया खचतो. कुंपणाच्या आंतील वस्तूचें रक्षण करण्यास मालकाला न्यायालयाचें दार पूर्वींपासून उघडें आहे. संघ पाहिजे तो कुंपणाबाहेरच्या गोष्टींसाठीं. रस्ता, पाणी, ओढा, सावली, उजेड यांसाठीं. आणि या गोष्टी कोणा एकाच्या मालकीच्या नाहींत. मालक कर भरतो तोहि पुष्कळदां भाडेकऱ्याच्या भाड्यांतूनच भरतो, ही गोष्ट त्या रात्रीं एकाहि मालकाच्या ध्यानांत आली नाहीं. शिवाय घराच्या ज्या किंमतीकडे बोट दाखवून आम्ही आपला अधिकार सांगतों ती किंमत आमच्या श्रमांनीं चढलेली नाहीं. भोंवतालीं शहर आलें, नळ आले, शाळा व दवाखाने निघाले, म्हणून ती चढली. हेन्री जॉर्ज यांनीं १८७९ सालीं आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथांत हीच गोष्ट अमेरिकेकडे पाहून सांगितली आहे. जमिनीच्या मूल्यावर एकच एक कर बसवून समाजाचें दारिद्र्य घालविण्याची त्यांची मात्रा कोणास पटो वा न पटो, रोगाची परीक्षा अचूक होती.

दुसरा दावा आधीं आल्याचा. आमच्या सभेंतील एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, "आम्ही येथें आलों तेव्हां रात्रीं कोल्हे ओरडत." हें वाक्य प्रत्येक उपनगरांत पहिल्या रहिवाशाच्या तोंडीं असतें, व त्यांतील अभिमान खोटा नसतो. चिखल तुडवीत व कंदिलाच्या उजेडांत ज्यांनीं पहिलीं वर्षें काढलीं त्यांना वस्तीविषयीं जी माया वाटते ती मागाहून येणाऱ्यास वाटेलच असें नाहीं. पण ज्याच्या रानांत कोल्हे ओरडत तो शेतकरी कोठें गेला ? त्याला जमिनीचे पैसे मिळाले असतील. त्याच्या गांवाची वाढ कशी व्हावी हें मात्र त्याला कोणी विचारलें नसावें. आधीं येण्यानें जर हक्क उत्पन्न होत असेल तर तो आमच्यापाशीं थांबत नाहीं. आमच्या अंगणांतून निघून तो त्याच्या बांधापर्यंत जातो. आणि पुरांत चीजवस्त गमावून जे येथें आले ते तरी त्या वेळीं नवखेच नव्हते काय ? तेव्हां जवळपासच्या जुन्या रहिवाशांनीं संघ काढून 'आतां येथें जागा नाहीं' असा अर्ज केला असता तर तो अर्ज आजच्या आमच्या अर्जाहून फारसा निराळा वाचला गेला नसता.

मुंबईचा इतिहास या बाबतींत अधिक बोलका आहे. १८९६ सालीं तेथें प्लेग आला आणि १८९८ सालीं कायद्यानें 'बाँबे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. कोंदट वस्त्या पाडून शहरांत रुंद रस्ते काढावे व दादर-माटुंग्याकडील सखल जमिनीवर हवेशीर वसाहती वसवाव्या असा त्याचा बेत होता. पाडलेल्या घरांतील गरीब माणसें या वसाहतींत गेलीं असें नव्हे. तेथें गेला तो मुख्यतः पांढरपेशा मध्यम वर्ग. याच काळांत त्या वर्गाला एकमेकांच्या आधारानें घर बांधण्याची युक्ति सांपडली. १९१५ सालीं गांवदेवीस सारस्वत सहकारी गृहरचना संस्था निघाली. रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. दादरला मंचरजी जोशी यांनीं ट्रस्टकडे खटपट करून पारशी मध्यमवर्गीयांसाठीं १०३ भूखंड राखून घेतले. इमारती तीन मजल्यांहून उंच नसाव्या अशी त्या योजनेंत अट होती, आणि आजहि त्या बाजूस फिरतांना डोक्यावरची दाट सावली पाहिली म्हणजे अट घालणाऱ्यांना मनांतून धन्यवाद द्यावेसे वाटतात.

या संस्था आपआपल्या ज्ञातीपुरत्या वा समाजापुरत्या होत्या, म्हणून त्यांना सरसकट नांवें ठेवण्याचें मला कारण दिसत नाहीं. शहरांत नव्यानें आलेल्या, घरमालकाच्या मर्जीवर जगणाऱ्या कारकुनाला विश्वासाचे सोबती ज्ञातींतच मिळत होते. अहमदाबादेच्या एका पारशी गृहरचना संस्थेचा सभासदत्व पारशांपुरतें राखणारा नियम २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें वैध ठरविला. तो घटनेनें दिलेल्या संघस्वातंत्र्याच्या आधारें. या निकालाविषयीं दुमत आहे व असावें. परंतु गृहरचना संस्था आपल्या पैशानें, आपल्या जमिनीवर, आपलीं घरें बांधते. तिनें शेजारी निवडून घेतले तरी ती बोलते आपल्यापुरतें. रहिवासी संघाची गोष्ट निराळी आहे. तो महानगरपालिकेकडे जाऊन 'या भागाचें म्हणणें असें आहे' असें सांगतो. त्याच्या अर्जाला जें काय वजन येतें तें 'भागाचें' या एका शब्दामुळें येतें. भागाच्या नांवानें बोलावयाचें, आणि भागांत कोण मोडतो हें आपणच ठरवावयाचें, या दोन गोष्टी एका तोंडानें करतां येत नाहींत. मीं कलम उतरून घेतलें तें गृहरचना संस्थेच्या नियमांवरून. चूक झाली ती येथें.

मग संघाच्या शब्दाला आधार कशाचा ? मला वाटतें, जाणण्याचा. रस्त्यावरून रोज जाणाऱ्यास जें कळतें तें नकाशावरून कळत नाहीं. पाणी कोठें तुंबतें, ओढा पूर्वीं कोठून वाहत होता, शाळा सुटल्यावर मुलें रस्ता कोठें ओलांडतात, हें नगररचनेच्या कार्यालयांत बसून समजणें कठीण. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश पंडित १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले व १९१९ पासून १९२४ पर्यंत मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. सरळ रस्त्याच्या हौसेपायीं वस्त्या जमीनदोस्त करणाऱ्या इंजिनियरांशीं त्यांचें कधीं जमलें नाहीं. आधीं शहर पायीं फिरून पाहावें, मग जेथें नडतें तेवढेंच कापावें, अशी त्यांची रीत. १९१७ सालीं होळकरांच्या इंदुरांत प्लेगशीं झगडण्याचें काम त्यांच्याकडे आलें तेव्हां त्यांनीं दिवाळीची मिरवणूक काढण्याचें ठरविलें, आणि जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील त्या रस्त्यांनीं ती जाईल असें जाहीर केलें. घराघरांतून केर निघाला. मिरवणुकींत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती. पण माझ्या मनांत भरतें तें दुसरेंच दृश्य. शहरांतील झाडूवाले नवीं पांढरीं वस्त्रें लेवून, सजविलेल्या गाड्या घेऊन, मानानें त्या मिरवणुकींत चालत होते.

शहर खरोखर कोणाला माहीत असतें हें गेडिस यांना ठाऊक होतें. आमच्या वस्तींत कोणतें गटार कोठें फुटलें आहे हें पहाटे झाडू घेऊन येणाऱ्या बाईला जितकें माहीत आहे तितकें आमच्या नियोजित अध्यक्षांना नाहीं. ती येथें राहत नाहीं; दुपारीं टेकडीपलीकडच्या आपल्या खोलीवर परत जाते. जाणणें हाच जर आधार मानला, तर मालक आणि भाडेकरू हा भेद तर पुसला जातोच, पण राहणारा आणि काम करणारा यांतील भेदहि वाटला होता तितका स्वच्छ उरत नाहीं.

आणि जाणण्यालाहि मर्यादा आहे. ती महाराष्ट्रानें फार जवळून पाहिली आहे. सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्या, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलनें मान्य केला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केलें, पण तें कागदावर. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याची 'शुद्धि' झाली, ऑगस्टमध्यें नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला, आणि डिसेंबरांत गांवच्या कांहीं स्पृश्य रहिवाशांनीं दिवाणी दावा लावला कीं, तळें सार्वजनिक नाहीं, वहिवाटीनें आमचें आहे. वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला व १७ मार्च १९३७ रोजीं फिर्यादींच्या विरुद्ध संपला.

फिर्यादींच्या पदरीं काय काय होतें तें पाहावें. गांवांतलीं घरें त्यांचीं, पिढ्यान्‌पिढ्यांचा वास त्यांचा, तळ्याची माहिती त्यांना, नगरपालिका अखेर त्यांच्याकडे वळलेली. उलट, समोरच्यांपैकीं पुष्कळजण महाडचे नव्हतेच. आसपासच्या खेड्यांतून बाजाराला नि कचेरीच्या कामाला ते या तालुक्याच्या गांवीं येत. आमच्या चौथ्या कलमाच्या भाषेंत बोलावयाचें तर ते उपरे होते. न्याय त्या दिवशीं उपऱ्यांच्या बाजूस उभा होता. चार गल्ल्यांच्या संघाचा एक नियम व महाडचा सत्याग्रह यांची तुलना कोणाला ओढूनताणून आणलेली वाटेल, आणि दोन्हींकडील अन्याय एका मापाचे नाहींत हें मीहि जाणतों. परंतु 'आम्ही येथले, आणि आमचें एकमत आहे' हें वाक्य दोन्हींकडे सारखेंच उच्चारलें जातें, व तें उच्चारलें गेलें म्हणजे एकमत होत असतां दाराबाहेर कोण होतें हें पाहण्याची कोणास गरज वाटत नाहीं.

कोणी म्हणेल, असें असेल तर संघाचा खटाटोप तरी कशाला ? वरिष्ठ अधिकारी आहेत, तज्ज्ञ आहेत, त्यांच्यावर सोंपवावें. हेंहि मला मान्य नाहीं. मुंबईच्या पुढील वीस वर्षांच्या विकास आराखड्याचा मसुदा २०१५ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झाला. इमारती उभ्या असलेल्या जागेवरून रस्ते दाखविलेले, जुन्या वारशाच्या वास्तूंचा पत्ता नाहीं, अशा त्यांतील चुका नागरिकांनीं दाखवून दिल्या. हजारों हरकती आल्या आणि एप्रिलांत मुख्यमंत्र्यांना तो मसुदा रद्द करावा लागला. हरकती घेण्याचा हा हक्क १९६६ च्या नगररचना कायद्यानें दिला आहे. पण तो बजावावयास माणसें एकत्र बसलेलीं असावीं लागतात. आणि 'लोकांना घरें हवींत, तुम्ही आडवे येतां' असें आम्हांस सुनावणारा बिल्डर तरी कोणत्या लोकांविषयीं बोलतो ? आमच्या रस्त्यावरील पहिल्या अकरा मजली इमारतींत झाडूवाल्या बाईस परवडेल अशी एकहि खोली नाहीं, आणि विकल्या गेलेल्या कित्येक सदनिकांत रात्रीं दिवा लागत नाहीं. बेघरांचें नांव घेऊन गुंतवणूकदारांचीं घरें बांधावयाचीं, हा ढोंगाचाच एक प्रकार आहे, व त्याला अडविणारें कोणी तरी असणें इष्ट आहे.

तेव्हां खरा प्रश्न उरतो तो हा कीं, वस्तीच्या हिताची हरकत कोणती व केवळ स्वार्थाची कोणती, हें ओळखावें कसें ? टिळकांनीं १९१५ सालच्या 'गीतारहस्यां'त पुष्कळांच्या पुष्कळ सुखाची पाश्चात्य कसोटी अपुरी ठरवून कर्त्याच्या बुद्धीकडे पाहावयास सांगितलें. डोकीं मोजून नीति ठरत नाहीं, हें त्यांचें म्हणणें आमच्या सभेनें ऐकण्यासारखें होतें. पण अर्जावर सही करणाऱ्याची बुद्धि शुद्ध कीं अशुद्ध हें महानगरपालिकेच्या अधिकाऱ्यानें कसें पाहावें ? आपली आपल्याला तरी ती कोठें दिसते ? येथें कांट यांनीं १७९५ सालीं सांगितलेली एक खूण उपयोगी पडते. दुसऱ्याच्या हक्कास स्पर्श करणारें जें कृत्य आपला हेतु उघड सांगून करतां येत नाहीं तें अन्यायाचें समजावें. 'नळाला पाणी नाहीं, तें वाढल्यावांचून नवी इमारत नको,' हें नव्यानें येणाऱ्याच्या तोंडावर म्हणतां येतें. 'असलीं माणसें आलीं तर वस्तीचा दर्जा जाईल,' हें त्याच्या तोंडावर म्हणतां येत नाहीं. तें आपसांत, चहाच्या वेळीं म्हणावयाचें असतें.

ही खूण मला बरेच दिवस पुरेशी वाटत होती. महाडची हकीकत पुन्हां वाचतांना तिचा कच्चेपणा ध्यानांत आला. तेथील फिर्यादींनीं आपला हेतु लपविला कोठें होता ? भर न्यायालयांत, लेखी, त्यांनीं तो सांगितला, आणि सांगतांना त्यांना लाज वाटली नाहीं; कारण ज्याच्यापुढें सांगावयाचा त्याला ते आपल्या बरोबरीचा मानीतच नव्हते. तोंडावर बोलण्याची लाज वाटावयास समोरचा माणूस त्याच सतरंजीवर बसलेला असावा लागतो आणि त्याचेंहि एक मत मोजलें जावें लागतें. म्हणजे आम्ही फिरून चौथ्या कलमापाशींच आलों.

खेड्यांविषयीं आपल्या घटनेनें हा प्रश्न सोडविला आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीप्रमाणें गांवच्या मतदार यादींत ज्याचें नांव तो ग्रामसभेचा सभासद; मग त्याच्या नांवावर शंभर एकर असोत कीं पाय ठेवण्यापुरती जमीन नसो. शहरांसाठीं केलेल्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तींत तीन लाखांवरील वस्तीच्या नगरांना प्रभाग समित्या मिळाल्या, पण प्रत्येक मतदाराला स्वतः बसतां येईल अशी सभा मिळाली नाहीं. ही उणीव रहिवासी संघ भरून काढूं पाहतात, आणि ग्रामसभेच्या नियमाऐवजीं सोसायटीचा नियम लावतात. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा एक पाऊल पुढें गेला आहे. त्याखालील नगर पथविक्रेता समितींत शेंकडा ४० जागा स्वतः विक्रेत्यांच्या असतात, व त्याच समितींत रहिवाशांच्या संघांनाहि बसविलें आहे.

दुसऱ्या सभेंत मीं कलम बदलून मांडलें. या भागाच्या मतदार यादींत नांव असलेला, किंवा येथें वर्षभर राहिलेला, कोणीहि प्रौढ माणूस सभासद होऊं शकेल, एवढा भाग थोड्या कुरकुरीनंतर मंजूर झाला. येथें नित्य काम करणाऱ्यांनाहि घ्यावें ही माझी पुढची सूचना पडली. तिला नऊ मतें मिळालीं. विरुद्ध बोलणाऱ्या बाईंचा मुद्दा टाकाऊ नव्हता. त्या म्हणाल्या, "जो येथें रात्रीं झोंपत नाहीं त्यानें रात्रींच्या गोंगाटाविषयीं मत कां द्यावें ?" यास पुरतें उत्तर मजजवळ अजूनहि नाहीं.

नव्या कार्यकारी मंडळापुढें पहिलाच अर्ज आला तो कोपऱ्यावरील भाजीच्या दोन हातगाड्या हलविण्याविषयींचा. बावीस वर्षें भाड्यानें राहणारे ते गृहस्थ आतां मंडळावर आहेत. गाड्या रस्त्यांत येतात ही गोष्ट त्यांनीं नाकारली नाहीं. सह्या करण्यापूर्वीं गाडीवाल्या बायांना बोलावून हें त्यांच्यासमोर वाचावें, एवढेंच त्यांनीं सुचविलें. येत्या रविवारीं साडेपांचाला दोघींना निरोप गेला आहे. त्यांपैकीं एकीनें विचारलें, "साहेब, तेवढा वेळ गाडी कुठं उभी करूं ?"